निदानानंतरचा पत्ता : प्रौढ स्वमग्न माणसाला आधार कुठे मिळतो?

'ऑटिझम'ला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर एक लहान मूल येतं. कोपऱ्यात बसून गाडीचं चाक फिरवणारं, हाक मारली तरी वळून न बघणारं. त्या मुलाचं पुढे काय होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. ते मोठं होतं. नोकरी करतं, लोकलचा पास काढतं, लग्न करतं किंवा करत नाही, सोसायटीच्या सभेला जातं किंवा टाळतं. आणि पुष्कळदा चाळिशी उलटेपर्यंत त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं, की आपण ज्याला आजवर स्वभावदोष समजत आलो त्याला वैद्यकशास्त्रात एक नाव आहे.

मी त्यांपैकीच एक. नाहूरला राहते, विक्रोळीतल्या एका कंपनीत हिशेब पाहते. भाच्याच्या तपासणीची प्रश्नावली भरताना माझी धाकटी बहीण मध्येच थांबली आणि म्हणाली, "ताई, हे सगळं तर तुझंच आहे." त्यानंतर दीड वर्षाने, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, माझं निदान झालं. पुढची तीन वर्षं मी एकाच प्रश्नाच्या मागे होते : प्रौढ वयात निदान झालेल्या माणसाला आपल्याकडे आधार मिळतो कुठे? कायदा काय देतो, दवाखाना काय देतो, आणि ही दोघंही जे देऊ शकत नाहीत ते कुठून आणायचं? त्या शोधात जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

नाव इतकं उशिरा का?

'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या सुमारास वापरात आणला, तो मात्र स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या संदर्भात. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. आपला 'स्वमग्नता' हा शब्द त्याच वाटेने आला. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि तिथून स्वमग्नता ही बालपणातली स्वतंत्र अवस्था मानली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांनी उत्तम बोलणाऱ्या, पण इतरांत न मिसळणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं. ते जर्मनमध्ये असल्याने इंग्रजी जगात फारसं पोहोचलं नाही. १९८१ साली लॉर्ना विंग या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी त्याकडे लक्ष वेधलं. विंग स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० साली या अवस्थेला जागा मिळाली, तीही 'शैशवातील स्वमग्नता' या नावाने. आस्परगर यांचं नाव त्या पुस्तिकेत यायला १९९४ उजाडलं. २०१३च्या आवृत्तीत सगळे पोटप्रकार एका 'वर्णपटा'त सामावले गेले आणि प्रौढांच्या दृष्टीने दोन महत्त्वाच्या गोष्टी लिहिल्या गेल्या. पहिली, आवाज, उजेड, वास, स्पर्श यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हे लक्षणांत धरलं गेलं. दुसरी, लक्षणं लहानपणापासून असली तरी माणसाने शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकली जाऊ शकतात आणि जगण्याच्या मागण्या वाढल्यावरच उघडी पडू शकतात, हे मान्य झालं.

म्हणजे ऐंशीच्या दशकात मुंबईच्या शाळेत जाणारी, पाढे खडाखडा म्हणणारी, वर्गात पहिली-दुसरी येणारी मुलगी त्या काळच्या कुठल्याच पुस्तकात बसत नव्हती. तिच्यासाठी आपल्याकडे वेगळी शब्दसंपत्ती होती. घुमी, एककल्ली, हेकट, तुसडी, माणूसघाणी. जरा मायेने बोलायचं तर 'हुशार आहे, पण व्यवहारज्ञान नाही'. ही विशेषणं ऐकत मोठी झालेली माणसं मग इतरांचं बघून बघून वागायला शिकतात. समोरच्याच्या डोळ्यांऐवजी भुवयांकडे बघायचं, हसायच्या जागा लक्षात ठेवायच्या, फोन करण्याआधी वाक्यं मनात घोकायची. अभ्यासक याला 'मुखवटा' म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही, पण संध्याकाळी घरी आल्यावर तासभर अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागतं.

अशी माणसं किती असतील? २०११च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ रकाने होते, त्यांत स्वमग्नतेचा नव्हता. पाच ठिकाणी झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला इन्क्लेनचा मोठा अभ्यास झाला तो दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचा. त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक स्वमग्न होती. हे प्रमाण गृहीत धरलं तर धिम्या लोकलच्या भरगच्च डब्यात एखादं-दुसरं माणूस तरी असायला हवं. ते ओळखू येत नाही, आणि पुष्कळदा त्याने स्वतःलाही ओळखलेलं नसतं.

'पेशंट कुठे आहे?'

प्रमाणपत्रासाठी मी एका मोठ्या रुग्णालयात गेले तेव्हा खिडकीपलीकडून पहिला प्रश्न आला, "पेशंट कुठे आहे?" मीच, म्हटल्यावर दुसरा प्रश्न, "मग पालक कोण आलंय?" तिथल्या माणसाचा त्यात उद्धटपणा नव्हता. त्याच्या पुढ्यात रोज येतात ती आईचा हात धरलेली मुलंच.

यामागे इतिहास आहे. आपल्या देशात या क्षेत्रात जे काही उभं राहिलं ते बहुतांशी पालकांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या कष्टांतून. मुंबईतली जय वकील शाळा १९४४ची, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी. दिल्लीतली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था १९९१ साली मेरी बरुआ या आईने सुरू केली. मुंबईतलं 'उम्मीद' हे बालविकास केंद्र २००१ साली डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी उभं केलं. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी झाला, तो 'आमच्यानंतर आमच्या मुलाचं काय?' या पालकांच्या प्रश्नातून. म्हणून त्याच्या केंद्रस्थानी कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. जिल्हाधिकारी ज्यांचे अध्यक्ष असतात अशा स्थानिक समित्या हे काम करतात. प्रौढांसाठी 'घरौंदा' नावाची गटनिवासाची योजनाही या न्यासाने आखली.

या सगळ्याची गरज आहेच. ज्यांना आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताची गरज लागते त्यांच्यासाठी हे पुरेसंही नाही. पण जी प्रौढ व्यक्ती स्वतः सही करते, स्वतःचं भाडं भरते आणि तरीही दर काही महिन्यांनी कोलमडते, तिच्यासाठी या रचनेत खुर्ची नाही. एका टोकाला मूल, दुसऱ्या टोकाला पालकाची गरज असलेला प्रौढ. मधला माणूस दोन्ही खिडक्यांवरून परत येतो. इंग्लंडमध्येही ही अडचण होती, म्हणूनच तिथे २००९ साली खास स्वमग्न प्रौढांसाठीचं धोरण आखणं सरकारवर बंधनकारक करणारा कायदा झाला. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण जे आहे त्यात वाटतं त्याहून बरंच काही आहे.

चाळीस टक्क्यांची रेघ

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. अपंगत्वाचे २१ प्रकार त्यात आहेत आणि स्वमग्नता त्यांपैकी एक. सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. स्वमग्नतेची टक्केवारी ठरवण्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस प्रश्नांची मापनी वापरतात. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. एकूण ७०च्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही. ७०ला ४० टक्के धरतात आणि पुढे गुणांबरोबर टक्के चढत जातात.

या मापनीत नजरेला नजर न देणं, एकटंच खेळत राहणं, ऐकलेला शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं, तान्ह्या बाळासारखं ओरडणं अशा गोष्टी पाहिल्या जातात. चाळीस वर्षं नजर द्यायला शिकलेल्या बाईला इथे कमी गुण मिळतात. त्या नजरेसाठी तिला काय मोजावं लागतं, हे मोजणारा प्रश्न त्यात नाही. त्यामुळे मानसशास्त्रज्ञ निदान करतात आणि मंडळ प्रमाणपत्र नाकारतं, असं होऊ शकतं. यावर व्यावहारिक उपाय एकच : तपासणीला जाताना लहानपणाचा पुरावा न्यावा. शाळेची प्रगतिपुस्तकं, आई-वडील किंवा मोठ्या भावंडांनी लिहिलेली टिपणं, आणि आज कोणत्या गोष्टी जमत नाहीत त्यांची प्रसंगांसह यादी. माझ्या आईने तपासणीत सांगितलं की, मी पाच वर्षांची असताना नव्या फ्रॉकची शिवण टोचते म्हणून तो उलटा घालून बारशाला गेले होते. पाहुण्यांत हसण्यावारी गेलेली ती गोष्ट निदानाच्या अहवालात नोंदली गेली.

प्रमाणपत्र मिळालं तर उपयोग काय? सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी असलेल्या चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ज्या गटांना मिळून आहे त्यांत स्वमग्नता येते. जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०यूप्रमाणे ७५,००० रुपयांची वजावट मिळत आली आहे. अपंगत्व ८० टक्के वा अधिक असेल तर १,२५,००० रुपयांची. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्यात एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि त्याला वयाची अट नाही. अर्ज न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत करता येतो.

आणि चाळीस टक्के भरले नाहीत तर? इथे बहुतेकजण फाईल बंद करतात, आणि इथेच त्यांचं नुकसान होतं. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात निकाल दिला. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या या उमेदवाराने लेखनिक मागितला होता. ४० टक्के अपंगत्व नाही म्हणून तो नाकारला गेला होता. न्यायालयाने सांगितलं की, कायद्यात दोन व्याख्या आहेत. आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी ४० टक्क्यांची रेघ आहे. 'वाजवी सोय' मागण्याचा हक्क मात्र प्रत्येक अपंग व्यक्तीला आहे, तिथे ती रेघ आड येत नाही. वाजवी सोय म्हणजे समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं, यासाठी केलेला बदल. प्रौढ स्वमग्न माणसाच्या हातात यापेक्षा उपयोगाचं दुसरं हत्यार नाही असं मला वाटतं.

कचेरीत काय मागायचं?

वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या खासगी कंपनीनेही आपलं समान संधी धोरण जाहीर करायला हवं, असं या कायद्याचे नियम सांगतात. मागणी करण्याआधी ते धोरण मागून घ्यावं. पण खरी मेहनत आहे ती मागणी नेमकी करण्यात. 'मी स्वमग्न आहे, समजून घ्या' या वाक्याने वरिष्ठांच्या हाती काहीच लागत नाही. त्यांना वाटतं, आता हिच्याशी जपून बोलायला हवं.

मी तीन महिने एक वही ठेवली. दिवसातला कोणता प्रसंग थकवतो, किती वाजता, कशाने. त्यातून जे दिसलं ते मलाही नवं होतं. हिशेबाच्या कामाने थकवा येतच नव्हता. तो येत होता तोंडी सांगितलेल्या आणि मध्येच बदललेल्या सूचनांनी, डोक्यावरच्या लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटने आणि जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांनी. मी चार गोष्टी लेखी मागितल्या : सूचना ईमेलने मिळाव्यात, बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळावेत, बसायची जागा भिंतीच्या कडेला मिळावी, आणि कामाची वेळ तासभर अलीकडे घ्यावी. नाहूरला धिम्याच गाड्या थांबतात. सकाळी सातची गाडी आणि साडेआठची गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. चारपैकी तीन गोष्टी मान्य झाल्या. कंपनीचा खर्च झाला तो एका ट्यूबलाइटचा.

सगळीकडे हे असं होत नाही. निदान सांगितल्यावर बढती थांबल्याचंही मी ओळखीत पाहिलं आहे. म्हणून निदानाचा उल्लेख न करता आधी सोय मागावी, आणि अडवणूक झाली तरच कायद्याचं नाव घ्यावं, असा सल्ला अनुभवी माणसं देतात. त्यापुढे दाद मागण्यासाठी पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत.

कॅनर यांच्या अकरा मुलांतला पहिला मुलगा डोनल्ड ट्रिपलेट. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावात तो वाढला, तिथल्या बँकेत त्याने कित्येक दशकं काम केलं, गोल्फ खेळला, एकट्याने जग हिंडला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी वारला. गावाने त्याला त्याच्या सवयींसकट आपलं मानलं होतं, असं त्याच्यावर लिहिणाऱ्या पत्रकारांना आढळलं. मात्र हेही खरं की ती बँक त्याच्या आईच्या माहेरच्यांनी काढलेली होती. ज्यांच्या आजोळची बँक नाही त्यांच्यासाठीच कायदा लागतो.

दवाखान्याची मर्यादा

स्वमग्नतेवर औषध नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१२ साली प्रौढांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत मूळ लक्षणांसाठी औषधं देऊ नयेत असं म्हटलं आहे आणि नोकरीत टिकून राहण्यासाठी मदत द्यावी अशी शिफारस केली आहे. आपल्याकडे मूळपेशींच्या महागड्या उपचारांच्या जाहिराती दिसतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या समितीने २०२२ साली स्वमग्नतेसाठी त्या उपचारांची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलं. तिकडे पैसा घालवू नये.

मात्र चिंता, नैराश्य, निद्रानाश हे सोबतीला आलेले असतील तर त्यांच्यावर उपचार आहेत आणि ते घ्यावेत. समुपदेशक निवडताना एक प्रश्न आधी विचारावा : तुम्ही प्रौढ स्वमग्न व्यक्तींबरोबर काम केलं आहे का? 'नाही, पण शिकायची तयारी आहे' हे उत्तरही चालतं. 'तुम्ही तर अगदी नॉर्मल दिसता' हे उत्तर आलं तर दुसरं दार पाहावं. पूर्व उपनगरांतल्या लोकांना ठाणं जवळचं, तिथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था मनाच्या आरोग्यावर मराठीतून काम करते. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर त्याच क्षणी केंद्र सरकारच्या 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आपल्यासारखी माणसं

२०१२ साली डेमियन मिल्टन या स्वमग्न ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न मांडला. स्वमग्न माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणतात. पण इतरांना तरी त्याचं मन कुठे कळतं? दोष एकाच बाजूचा कसा? याला त्यांनी 'दुहेरी सहसंवेदनेचा प्रश्न' म्हटलं. २०२० साली कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आठ-आठ माणसांच्या साखळ्या करून कानगोष्टीसारखा प्रयोग केला. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीतून माहिती तितकीच नीट पोहोचली जितकी सगळे इतर असलेल्या साखळीतून. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. पुढे मोठ्या संख्येवर केलेल्या प्रयोगात मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. दोन्ही वेळा एक गोष्ट कायम राहिली : स्वमग्न माणसं आपसांत संवाद करण्यात उणी नसतात.

मला याचा प्रत्यय मुलुंडच्या एका बागेत आला. आम्ही पाचजण महिन्यातून एका रविवारी सकाळी तिथे भेटतो. एक बँकेतून स्वेच्छानिवृत्त झालेले काका, एक शिक्षिका, दोन तरुण अभियंते आणि मी. नमस्कार-चमत्कारात वेळ जात नाही. कुणी बोलता बोलता गप्प झालं तर 'काय झालं?' असं कुणी विचारत नाही. काकांना रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकांचा नाद आहे. ते अर्धा तास त्यावर बोलतात आणि आम्ही खरोखर ऐकतो. रेशनकार्डापासून सासूबाईंच्या रागापर्यंत प्रत्येक विषयावर इथे जो सल्ला मिळतो तो कुठल्याच तज्ज्ञाकडे मिळालेला नाही. अशी माणसं मिळवायची तर निदान करणाऱ्या मानसशास्त्रज्ञालाच सांगून ठेवावं, की दुसरं कुणी तयार असेल तर माझा नंबर द्या. आमचा गट असाच जमला.

घरातली भाषा

शेवटी उरतं घर. निदान कळल्यावर आईला वाटलं, आपल्या वाढवण्यात काही चुकलं. तिला सांगावं लागलं की, स्वमग्नता जन्मजात असते. आईच्या मायेत कमतरता असल्याने ती येते हा जुना सिद्धान्त केव्हाच मोडीत निघाला आहे. सासूबाईंना 'स्वमग्न' हा शब्द पटला नाही. "स्वतःतच मग्न असती तर माझ्या औषधांच्या वेळा कुणी पाळल्या असत्या?" असं त्या म्हणाल्या. शब्दाची याहून चांगली समीक्षा मी वाचलेली नाही. मला कळेना असं होतं ते माझं स्वतःत बुडालेलं असणं नव्हे. बाहेरचं सगळं एकदम आत येतं, ते थोपवता येत नाही.

आमच्या घरात आता काही रीती ठरल्या आहेत. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगायचं. मी आतल्या खोलीत गेले तर तो राग नव्हे. दिवाळीत फराळाला सगळे जमतात तेव्हा चकल्या तळायचं काम माझं, कारण कढईपाशी उभ्या असलेल्या बाईशी कुणी फार बोलत नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असावी असं २०००चे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ही मर्यादा कागदावरच राहते. सोसायटीच्या सभेत यंदा मी पहिल्यांदा बोलले : फटाके मागच्या मोकळ्या जागेत आणि रात्री दहाच्या आत वाजवावेत. ठराव मंजूर झाला. त्याला पाठिंबा दिला तो तान्हं बाळ असलेल्या एका जोडप्याने, हृदयविकार असलेल्या एका आजोबांनी आणि दोन कुत्र्यांच्या मालकिणीने. त्यांतल्या कुणालाही माझं निदान ठाऊक नाही.

प्रौढ स्वमग्नांचा आधार आजच्या घडीला एका छपराखाली मिळत नाही. तो कायद्याच्या एका कलमात, कचेरीतल्या एका ईमेलमध्ये, बागेतल्या एका बाकावर आणि स्वयंपाकघरातल्या एका कामात विखुरलेला आहे. तो गोळा करायला वेळ लागतो, आणि थकलेल्या माणसाकडे तोच कमी असतो. म्हणून नुकतंच निदान झालेल्याने पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी कराव्यात : अहवालाच्या चार प्रती काढून ठेवाव्यात, आणि कशाने थकवा येतो याची वही सुरू करावी. पुढचे सगळे अर्ज त्या वहीतूनच निघतात.